ढगांवरून वैनगंगेकडे : विमानांतील रडारचें एरियल

भंडारा जिल्ह्याच्या पवनी तालुक्यांत कोंढा नांवाचें गांव आहे. मुलूख धानाचा. श्रावणाच्या सुमारास या भागावरून एखादें विमान जात असलें तर त्याच्या खालीं काय काय असतें याची कल्पना करणें कठीण नाहीं : पाण्यानें भरलेल्या बांध्या, त्यांत नुकतीच झालेली रोवणी, मधून मधून मालगुजारीच्या काळचे तलाव, ज्यांना तिकडे मामा तलाव म्हणतात, लहानसहान बोड्या आणि खोऱ्याच्या तळाशीं वैनगंगा. परंतु विमानांतल्या माणसाला यांपैकीं कांहींहि दिसत नाहीं. त्याला दिसते ती ढगांची पांढरी चादर, आणि पावसाळ्यांत ती कित्येक दिवस विरत नाहीं.

एरवीं त्यानें कोणाचें फारसें बिघडत नाहीं. पण २०२० च्या ऑगस्ट महिन्याच्या अखेरीस मध्यप्रदेशांत अतिवृष्टि झाली, तेथील संजय सरोवराचें पाणी सोडावें लागलें, आणि वैनगंगेला असा पूर आला कीं भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या चारहि जिल्ह्यांतील नदीकांठचीं गांवें पाण्यांत सांपडलीं. गोसीखुर्दचें ३३ दरवाजांचें धरण पवनी तालुक्यांतच आहे. अशा दिवशीं जिल्ह्याच्या अधिकाऱ्यापुढें पहिला प्रश्न असतो तो हाच कीं, या घटकेला पाणी कोठवर आलें आहे ? कोणत्या गांवाचा रस्ता तुटला ? नाव आधीं कोणीकडे धाडावी ? आणि पाणी ओसरल्यावर दुसरा, तितकाच कडू प्रश्न : कोणाचें धान बुडालें, आणि किती ? कॅमेरा यांपैकीं एकाचेंहि उत्तर देऊं शकत नाहीं, कारण ज्या दिवशीं त्याची गरज असते नेमक्या त्याच दिवशीं आकाश बंद असतें.

रडारची गोष्ट निराळी आहे. तें आपला उजेड आपल्याबरोबर घेऊन जातें. हा उजेड म्हणजे पांच-सहा सेंटिमीटर लांबीचे रेडिओतरंग. ढगांतील जलकण या लांबीच्या मानानें इतके बारीक असतात कीं तरंग त्यांची दखलच घेत नाहीं. तो सरळ खालीं जातो, जमिनीवर आपटतो आणि त्याचा कांहीं अंश माघारीं येतो. हें काम उपग्रहहि करतात. ३० जुलै २०२५ रोजीं श्रीहरिकोट्याहून सोडलेला ‘निसार’ हा भारत व अमेरिका यांचा संयुक्त उपग्रह त्यांतलाच. परंतु उपग्रहाची फेरी आगाऊ ठरलेली असते. निसारला त्याच मार्गावरून पुन्हां यावयास १२ दिवस लागतात. पूर इतका थांबत नाहीं. विमान मात्र सांगितल्या वेळीं सांगितल्या जागीं जाऊं शकतें. म्हणूनच विमानांतून चित्र काढणाऱ्या रडारला आजहि मोल आहे, आणि त्या रडारच्या यशापयशाचा बराचसा भार त्याच्या एरियलवर असतो. आजचा विषय तेवढाच. एकेकाळीं रेडिओसाठीं छपरावर जी तार ताणीत असत, तिचीच ही दूरची नात; तज्ज्ञ मंडळी आतां तिला अँटेना म्हणतात. मी घरांत रुळलेला जुनाच शब्द ठेवतों.

प्रथम, या डोळ्याकडून आपल्याला काय हवें आहे तें ठरवूं. शांत पाणी हें रडारच्या दृष्टीनें आरशासारखें असतें. विमानानें तिरप्या दिशेनें टाकलेला झोत तें पलीकडे परतवून देतें, विमानाकडे कांहीं येत नाहीं, आणि चित्रांत पाणी काळें उमटतें. खडबडीत जमीन सर्व बाजूंना थोडा थोडा तरंग उधळते, म्हणून ती करडी दिसते. झाडांच्या बुंध्यांत पाणी शिरलें तर तरंग पाण्यावरून उसळून बुंध्यावर आणि तेथून माघारीं येतो. तो भाग उलट अधिकच उजळतो. येथवर ठीक. पण धानाच्या मुलखांत एक पेंच आहे. रोवणी नुकती झालेली बांधीहि पाण्यानें भरलेलीच असते, म्हणजे तीहि काळीच दिसते. मग शेतकऱ्यानें हौसेनें भरलेलें पाणी कोणतें आणि नदीनें आंत घुसवलेलें कोणतें, हें ओळखावें कसें ? आधींच्या आठवड्याचें चित्र हाताशीं असेल तर मोठी मदत होते. तें नसेल तर नजर धुऱ्यांवर ठेवावी लागते. बांध्याबांध्यांमधील गवताळ धुरे शाबूत असले तर काळ्या चौकोनांभोंवतीं उजळ रेघांची जाळी दिसते. पुरानें धुरे गिळले कीं जाळी नाहींशी होऊन सगळा पट एकसारखा काळा होतो. पण धुरा तो केवढा ! त्याची रेघ दिसावयास यंत्राची दृष्टि मीटर-दोन मीटरांपर्यंत बारीक हवी. आणि येथूनच एरियलची अडचण सुरू होते.

विमानांतून जमिनीचें चित्र दाखविणारें पहिलें रडार ब्रिटिशांनीं दुसऱ्या महायुद्धांत वापरलें. ‘एच टू एस’ हें त्याचें नांव. १९४३ च्या जानेवारींत हँबुर्गवरील हल्ल्यांत तें प्रथम उपयोगांत आलें. विमानाच्या पोटाखालीं एक एरियल गरगर फिरे, आणि नदी व किनारा यांच्या काळ्या आकृतींवरून वैमानिक शहर ओळखी. त्याचा तरंग सुमारें ९ सेंटिमीटरांचा होता. हँबुर्गसारखें पाण्याकांठचें शहर त्यांत ओळखूं येई. पण बर्लिनच्या अफाट विस्तारांत कांहींच उमगेना, तेव्हां त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत ३ सेंटिमीटरांचा तरंग वापरावा लागला. याचें कारण एका सोप्या नियमांत आहे. एरियलमधून निघालेला झोत किती फांकतो तें काढावयाचें असेल तर तरंगाच्या लांबीला एरियलच्या लांबीनें भागावें आणि आलेल्या अपूर्णांकानें अंतराला गुणावें. तरंग आंखूड किंवा एरियल लांब, तितका झोत निमुळता.

हाच हिशेब कोंढ्याला लावून पाहूं. तरंग ५.६ सेंटिमीटरांचा, एरियल एक मीटर लांब, आणि गांव विमानापासून तिरप्या रेषेंत २० किलोमीटरांवर. झोताची रुंदी येते ११२० मीटर. म्हणजे अख्खें गांव एका ठिपक्यांत ! ठिपका पांच मीटरांवर आणावयाचा तर एरियल २२४ मीटर लांबीचें हवें. आणि आजचीं मोठ्यांत मोठीं प्रवासी विमानें सुमारें ७६ मीटरांचीं आहेत. तरंग आंखूड करून कांहीं साधतें खरें. सदा ढगांखालीं असलेल्या पनामाच्या दारिएन प्रांताचा नकाशा १९६७ सालीं केला तो ८.६ मिलिमीटरांच्या तरंगानें. पण असला बारीक तरंग मुसळधार पावसांतून जातांना वाटेंतच खर्ची पडतो, आणि आपल्याला तर नेमकें पावसांतूनच पाहावयाचें आहे.

या कोंडींतून वाट काढली ती अमेरिकेंतील कार्ल वायली या इंजिनीयरनें, १९५१ सालीं. लांब एरियल एकाच वेळीं सबंध हजर असण्याची गरजच काय ? विमान पुढें सरकत असतें. तेंच लहान एरियल आकाशांत एकामागून एक नव्या जागीं पोंचत असतें. प्रत्येक जागीं आलेला प्रतिध्वनि, केवळ त्याचें बळच नव्हे तर त्याच्या तरंगाचा चढउतार कोठल्या टप्प्यावर होता त्यासकट, नोंदून ठेवावा आणि मागाहून सर्व नोंदी एकत्र जुळवाव्या. रोवणीला एकच बाई वांकून रोपामागून रोप लावीत जाते, आणि शेवटीं मागें वळून पाहिलें तर सबंध ओळ उभी असते, तसेंच हें. आपल्या उदाहरणांत कोंढ्याचें एखादें घर झोतांत शिरल्यापासून बाहेर पडेपर्यंत विमान ११२० मीटर जातें, आणि तेवढ्या लांबीचें एरियल कागदोपत्रीं तयार होतें. पुणें जिल्ह्यांत खोडद येथें ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची जी महाकाय रेडिओ-दुर्बीण आहे, तीहि पृथ्वीच्या फिरण्याचा लाभ घेऊन अशाच तत्त्वानें मोठें एरियल रचते. तेथें पृथ्वी विमानाचें काम करते एवढेंच.

यांतून निघणारा निष्कर्ष मात्र चमत्कारिक आहे. दुर्बिणीची कांच जितकी मोठी तितकी नजर बारीक, हें आपण लहानपणापासून शिकलेलों असतों. येथें गणित उलटें पडतें. प्रत्यक्ष एरियल जितकें आंखूड तितका त्याचा झोत रुंद. झोत रुंद म्हणून तें घर अधिक वेळ दृष्टींत राहतें. अधिक वेळ म्हणून रचलेलें एरियल अधिक लांब, आणि चित्र अधिक बारीक. हिशेबाअंतीं मिळणारी बारीकी प्रत्यक्ष एरियलच्या निम्म्या लांबीइतकी असते. एक मीटरच्या एरियलला अर्धा मीटर. शिवाय अंतर त्यांत येतच नाहीं, कारण दूरच्या वस्तूवर झोत जेवढा अधिक रुंद, तेवढेंच रचलेलें एरियलहि अधिक लांब. पांच किलोमीटरांवरचा धुरा आणि वीस किलोमीटरांवरचा धुरा, दोन्ही सारख्याच बारकाईनें दिसावे.

मग एरियल वीतभर करून मोकळें कां होऊं नये ? एक कारण असें कीं, दोन स्पंदांच्या मध्यें विमानानें एरियलच्या निम्म्या लांबीहून अधिक पुढें जातां कामा नये. गेलें तर चित्रांत एकाच वस्तूचीं दोन-दोन भुतें उमटतात. सेकंदाला १२० मीटर जाणाऱ्या विमानाला, एक मीटरच्या एरियलसह, सेकंदाला २४० स्पंद पुरतात. ही कांहीं मोठी मागणी नव्हे. उपग्रहाचे मात्र यांत हाल होतात. तो सेकंदाला साडेसात किलोमीटर धांवतो, म्हणजे तेवढ्याच एरियलला सेकंदाला १५,००० स्पंद. आणि दोन स्पंदांमधील त्या अल्प काळांत जेमतेम दहा किलोमीटर खोलीच्या पट्ट्याचे प्रतिध्वनि मावतात, पुढचे एकमेकांत मिसळतात. म्हणूनच भारताच्या २०१२ सालच्या ‘रिसॅट-१’ उपग्रहाचें एरियल ६ मीटर लांब व २ मीटर रुंद होतें, आणि निसारची जाळीदार छत्री १२ मीटर व्यासाची आहे. विमानाला हें बंधन जाचत नाहीं. त्याला अडवितें तें बळ. एरियल लहान केलें कीं तें झोत एकवटूंहि शकत नाहीं आणि परत आलेला तरंग पुरेसा गोळाहि करूं शकत नाहीं. मग वीस किलोमीटरांवरून येणारी ती क्षीण कुजबूज यंत्राच्या स्वतःच्या खरखरींत बुडते. या ओढाताणींतून मीटर, दीड मीटर अशी लांबी ठरते.

लांबी झाली, उंचीचा विचार वेगळा. विमान आठ किलोमीटर उंचीवर आहे आणि बाजूला, उभ्या ओळंब्यापासून ४५ अंशांपासून ७० अंशांपर्यंत, त्याला पाहावयाचें आहे असें धरूं. जमिनीवर हा पट्टा ८ किलोमीटरांपासून २२ किलोमीटरांपर्यंत, म्हणजे १४ किलोमीटर रुंद होतो. पंचवीस अंशांचा हा पंखा उघडावयास एरियलची उंची तेरा सेंटिमीटरांच्या आसपास लागते. एक मीटर लांब आणि तेरा सेंटिमीटर उंच, अशी एक फळीच म्हणा ना ! परंतु नुसता पंखा उघडून भागत नाहीं. पट्ट्याची जवळची कड विमानापासून ११.३ किलोमीटरांवर, दूरची २३.४ किलोमीटरांवर. रडारचा प्रतिध्वनि अंतराच्या चौथ्या घाताच्या प्रमाणांत क्षीण होतो. म्हणजे ढोबळ मानानें दूरच्या कडेचा आवाज अठरा पटींनीं मंद. तसेंच सोडलें तर चित्राची एक बाजू भगभगीत आणि दुसरी काळोखी होईल, आणि त्या काळोखाला कोणी पूर समजेल ! म्हणून झोत मुद्दाम असमान करावयाचा : दूरच्या कडेकडे जवळच्यापेक्षां सुमारें चौपट जोर. जातांना चौपट आणि येतांना चौपट, मिळून सोळा पट; तूट बहुतेक भरून निघते. ‘एच टू एस’च्या काळापासून ही युक्ति चालत आली आहे, त्या वेळीं परावर्तकाचा पत्रा वांकवून ती साधीत, आतां एरियलच्या फळीवरील वेगवेगळ्या ओळींना कमी-अधिक बळ देऊन साधतात.

आतां वारा. पावसाळ्यांत वर आडवा वारा असतोच. सेकंदाला १५ मीटरांच्या आडव्या वाऱ्यांत सरळ रेषेवर राहावयाचें तर वैमानिकाला विमानाचें नाक सुमारें सात अंश वाऱ्याकडे वळवून तिरपेंच उडावें लागतें. एरियल विमानाच्या अंगाला पक्कें जखडलेलें असेल तर त्याचा झोतहि सात अंश वळतो. झोताची स्वतःची रुंदी तीन अंश. म्हणजे पाहावयाचें कोंढा आणि पाहतों अडीच किलोमीटर पुढचें रान. यास्तव एरियल वळत्या चौकटींत बसवावें लागतें, किंवा त्याच्या घटकांना विजेनेंच असे टप्पे द्यावे लागतात कीं फळी न हलतां झोत वळावा.

पण याहूनहि नाजूक गोष्ट दुसरीच आहे, आणि माझ्या मतें या सर्व विद्येचा कस तेथें लागतो. रचलेलें एरियल हें नोंदींचें बनलेलें असतें. प्रत्येक नोंद कोणत्या जागीं घेतली हें ठाऊक नसेल तर ती जोडावी कोठें? विमान एका झोक्यानें लक्ष्याकडे केवळ १.४ सेंटिमीटर सरकलें, तर तरंगाचा जाण्या-येण्याचा मार्ग २.८ सेंटिमीटरांनीं, म्हणजे बरोबर अर्ध्या तरंगानें बदलतो. शिखराच्या जागीं दरी येते. भर घालावयास आलेली नोंद वजाबाकी करते. पावसाळी हवेंत विमान वितीवितीनें उसळत असतें, तेथें दीड सेंटिमीटरांची काय कथा ! म्हणून हालचाल मापणारें यंत्र वैमानिकाच्या कोठडींत नव्हे, तर एरियलच्या पाठीशींच घट्ट बसवितात. विमानाचें धड स्वतः किंचित् वांकतें आणि कोठडीची हालचाल ती एरियलची नव्हे. एरियल तापमानानें मुरडतां कामा नये हेंहि ओघानेंच आलें. धांवपट्टीवरचा उकाडा आणि आठ किलोमीटरांवरची शून्याखालची थंडी, दोहोंत फळी सपाट ती सपाटच राहिली पाहिजे.

एरियलचा झोत कधींहि अगदीं निर्मळ नसतो. मुख्य झोताच्या दोहों बाजूंस लहान लहान उपझोत निघतातच. रडार अंतर मोजतें, दिशा ओळखत नाहीं. त्यामुळें उजवीकडे पाहत असतां डावीकडच्या उपझोतानें तितक्याच अंतरावरून कांहीं आणलें तर तें उजव्या चित्रांतच जाऊन बसतें. मामा तलावांच्या या मुलखांत विमानाच्या ऐन खालीं एखादा तलाव आला तर तो आरसा सरळ वर इतका जबर प्रतिध्वनि पाठवितो कीं खालचा उपझोत क्षीण असला तरी ग्राहकयंत्र दिपून जातें. म्हणून खालच्या बाजूचे उपझोत विशेष काळजीनें दाबावे लागतात. एरियलची जागाहि त्याचसाठीं विचारपूर्वक निवडतात. पंखा किंवा इंजिनाचें कवच झोतांत आलें तर तेंहि आपला एक आगंतुक प्रतिध्वनि पाठवून देतें.

तरंगाला आणखी एक गुण असतो, त्याचें कंपन आडवें आहे कीं उभें. वाऱ्यानें पाण्यावर लहरी उठल्या असतां पाणी आणि जमीन यांचा भेद आडव्या तरंगांत अधिक स्पष्ट राहतो. आडवा पाठवून उभा किती परत आला हें मोजलें तर झाडोऱ्याची दाटी कळते, कारण फांद्यापानांच्या गुंत्यांत तरंगाची दिशा बदलते. हा बदललेला अंश मुळांतच फार थोडा. एरियलनें स्वतःच आडव्याची गळती उभ्यांत होऊं दिली तर रान नसेल तेथें रान दिसेल. म्हणून ही गळती हजारांत एका भागाइतकी कमी असावी अशी अपेक्षा असते.

एक मीटरची बारीकी अंतराच्या दिशेनेंहि हवी असेल तर १५० मेगाहर्ट्झ रुंदीचा कंप्रता-पट्टा एरियलनें सारख्याच इमानानें पेलला पाहिजे. तांब्याच्या पातळ चौकोनी टिकल्या ओळीनें बसवून केलेलीं एरियलें हलकीं आणि विमानाला सोयीचीं. पण एकेरी टिकली एवढा पट्टा जेमतेमच पेलते. म्हणून एका टिकलीवर थोड्या अंतरानें दुसरी बसवितात. वर वाऱ्यापासून रक्षण करणारें कवच. त्यावर पावसाच्या पाण्याचा पातळ थर साचला तरी तरंग मंदावतो, यासाठीं तें पाणी न धरणारें असावें लागतें. कवच म्हणजे केवळ झांकण असें समजून चालत नाहीं, कारण तरंगाला जावयाचें असतें त्यांतूनच.

आपल्या देशांत हें काम अहमदाबाद येथील अवकाश उपयोग केंद्रांत झालेलें आहे. तेथें प्रथम पूर व इतर आपत्तींसाठीं ५.६ सेंटिमीटरांच्या तरंगाचें विमानी रडार तयार झालें. पुढें निसारची पूर्वतयारी म्हणून त्याच्याच दोन लांब तरंगांचें, सुमारें २४ व ९ सेंटिमीटरांचें, दुसरें. लांब तरंग पानांतून आंत अधिक खोल जातो. परंतु त्याला तेवढ्याच झोतासाठीं एरियलहि तितक्याच पटींनीं मोठें हवें, आणि विमानाच्या पोटाखालची जागा कांहीं वाढत नाहीं.

एरियल उत्तम बनलें आहे कीं नाहीं याची अखेरची परीक्षा मात्र जमिनीवरच होते, आणि तिचें साधन फार साधें आहे. धातूचे तीन पत्रे एकमेकांशीं काटकोनांत जोडून केलेला एक कोपरा. भिंतीच्या कोपऱ्यांत टाकलेला चेंडू जसा फेंकणाऱ्याकडेच परततो, तसा या कोपऱ्यांत शिरलेला तरंग आल्या वाटेनें परत जातो, आणि किती परत जावा तें पत्र्यांच्या मापावरून आधींच काढतां येतें. पाऊस लागण्यापूर्वीं असे कांहीं कोपरे उघड्या माळावर, पट्ट्याच्या जवळच्या कडेपासून दूरच्या कडेपर्यंत ओळीनें मांडतात आणि त्यांवरून विमान नेतात. चित्रांत त्यांचे तारे उमटतात. तारा पसरट आला तर नोंदींची जुळणी चुकली. दूरचे तारे हिशेबाहून मंद आले तर झोताचा आकार बिघडला. आणि हा कोपरा आडव्या तरंगाला आडवाच परत करीत असल्यामुळें, उभ्या तरंगाच्या चित्रांत त्याच जागीं जेवढा अंधुक ठिपका दिसेल तेवढी एरियलची स्वतःची गळती असते.